केपच्या दप्तरांतील दासांचीं नांवें

जुन्या कागदांची नक्कल करतांना विशेषनामास जोडलेलें स्थलनाम अनावश्यक समजून गाळण्याची खोड पुष्कळांस असते. दक्षिण आफ्रिकेंतील केपच्या डच दप्तरांत ती घातक ठरते. कारण तेथें तेवढा एक शब्दच कित्येकदां एखाद्या कुळाच्या उगमाचा अवशिष्ट पुरावा असतो.

डच ईस्ट इंडिया कंपनीनें केप येथें ठाणें घातलें तें १६५२ सालीं. तेव्हांपासून १८०८ पर्यंत मादागास्कर, पूर्व आफ्रिका, पूर्वेकडील बेटें व हिंदुस्थान येथून सुमारें ६३,००० दास तेथें नेले गेले. त्यांस आंजेला, कातारिना किंवा चक्क ‘सप्टेंबर’ असें नवें नांव मिळे व पुढें ‘फान बेंगाले’, ‘फान मलबार’, म्हणजे ‘बंगालची’, ‘मलबारचा’, असें जोडलें जाई. हें स्थळ जन्मगांवच असेल असें मात्र समजूं नये. तें खरेदीचें बंदरही असूं शकतें.

आंजेला फान बेंगाले ही १६६६ मध्यें मुलांसह दास्यमुक्त झाली. १६६९ मध्यें तिनें बासन नामक गृहस्थाशीं विवाह केला, आणि पुढें गोरीं म्हणविणारीं अनेक घराणीं तिच्या वंशांत निघालीं. १६७९ पासून केपचा कारभार पाहणारा सिमोन फान डर स्टेल याची आजी, आईची आई, ही देखील मुक्त झालेली हिंदी दासीच होती. तिला ‘गोवा-किनाऱ्याची मोनिका’ असें म्हटलेलें आढळतें. अधिकाऱ्याच्या वंशावळींत हें खपून गेलें. सामान्यांस तें खपविण्याची मुभा नव्हती.

१८३४ मध्यें कायद्यानें दास्य बंद झालें, तरी ‘उमेदवार’ या गोंडस नांवाखालीं आणखी चार वर्षें जुन्याच धन्यांकडे राबावें लागलें. पुढें १९५० च्या लोकसंख्या-नोंदणी कायद्यानें प्रत्येकास वंशाचा शिक्का मारला. मिश्र संततीस ‘कलर्ड’ ठरविलें, व त्यांतील मुसलमानांस बहुधा ‘मलाय’. मग त्यांचे पूर्वज बंगालचे कां असेनात! १८६० पासून मजुरीच्या करारानें नाताळांत गेलेल्यांचे वंशज मात्र ‘इंडियन’ ठरले. १९९१ मध्यें हा कायदा रद्द झाला, परंतु शिक्के लोकांच्या बोलण्यांतून गेले नाहींत.

यास्तव ‘फान’ व त्यापुढील शब्द नक्कलकारानें जसेच्या तसे उतरावे, वर्णलेखन अशुद्ध दिसलें तरी सुधारूं नये. महिन्यांचीं नांवें तर केपच्या कुटुंबांत आडनांवें होऊन राहिलीं आहेत.