पहारेकरी की साक्षीदार?

घराच्या दारावर कॅमेरा बसविणे ही गोष्ट अलीकडे कुलूप लावण्याइतकीच सामान्य होत चालली आहे. तथापि कुलूप विकत घेणाऱ्यास ते काय करणार हे पक्के ठाऊक असते. कॅमेरा घेणाऱ्यास ते बहुधा ठाऊक नसते. कुलूप चोराला अडविते. कॅमेरा कोणालाच अडवीत नाही. तो एक तर घडलेली गोष्ट नोंदवून ठेवतो, अथवा घडू पाहणाऱ्या गोष्टीची वर्दी देतो. पहिले काम साक्षीदाराचे, दुसरे पहारेकऱ्याचे. या दोन कामांस लागणारी सामग्री, जागा व माणसे निरनिराळी असतात, आणि हा भेद ध्यानात न घेता केलेली खरेदी पुष्कळदा वाया जाते.

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा भेद फार स्पष्ट दिसतो. तेथे कॅमेऱ्याने ज्याच्यावर नजर ठेवावयाची तो चोर नसून वाघ असतो, आणि चुकीचे मोल दागिन्यांत नव्हे, तर माणसांच्या प्राणांत द्यावे लागते. म्हणून शहरातील गृहस्थाने घरासाठी कॅमेरा निवडण्यापूर्वी रानातील कॅमेऱ्यांची व्यवस्था समजावून घेणे हिताचे ठरेल.

रानात कॅमेरा लावून ठेवण्याची कल्पना नवी नव्हे. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या पायवाटेवर तार ताणून, त्या तारेस पाय लागताच वाघाचे छायाचित्र त्याच्याच हातून काढविण्याची युक्ती केली होती. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. पुढे तारेची जागा उष्णता व हालचाल ओळखणाऱ्या यंत्राने घेतली. कर्नाटकातील नागरहोळे येथे डॉ. उल्हास कारंत यांनी अशा छायाचित्रांवरून वाघांची संख्या अदमासण्याची शास्त्रीय पद्धत अवलंबिली व १९९५ साली ती मांडली. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले आणि त्यांतून तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची किती? अवघी ७६,६५१. म्हणजे सुमारे साडेचारशे चित्रे चाळावीत तेव्हा एक वाघ हाती यावा! ज्याच्या घरचा कॅमेरा मांजर, पाने व मोटारींचे दिवे यांची चित्रे रात्रभर पाठवितो, त्याने या आकड्यावरून धीर धरावा.

ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पातही कॅमेरे याच रीतीने लावतात. एका पायवाटेच्या दोन्ही बाजूंस, समोरासमोर, साधारणतः माणसाच्या गुडघ्याइतक्या उंचीवर दोन कॅमेरे असतात. दोन अशासाठी की वाघाच्या डाव्या कुशीवरील पट्टे उजव्या कुशीवरील पट्ट्यांशी जुळत नाहीत. एकच बाजू मिळाली तर ओळख अपुरी राहते. गुडघ्याइतकी उंची अशासाठी की कूस नेमकी त्या पातळीवर येते. म्हणजे कॅमेरा कोठे बसवावयाचा हे झाडाने वा भिंतीने ठरवावयाचे नसून, कोणती खूण टिपावयाची आहे तिने ठरवावयाचे असते.

या कॅमेऱ्याचे काम निव्वळ साक्षीदाराचे आहे. वनरक्षक काही दिवसांनी येऊन त्यातील कार्ड काढून नेतो, तेव्हा कोठे चित्र दिसते. तोवर वाघ कोसभर पुढे गेलेला असतो. तरीही ही साक्ष मोलाची असते. गडचिरोली, भंडारा व चंद्रपूर या जिल्ह्यांतील १३ माणसांच्या मृत्यूस कारण मानला गेलेला 'सीटी-१' या नावाचा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्या वनात पकडण्यात आला. अशा प्रसंगी कोणता तरी वाघ पकडून भागत नाही. तोच वाघ पकडावा लागतो. दुसराच सापळ्यात गेला तर एक निरुपद्रवी जनावर पिंजऱ्यात जाते आणि गावावरचे संकट मात्र तसेच राहते.

परंतु गावकऱ्याला केवळ साक्ष पुरत नाही. वाघ काल येऊन गेला हे आज कळून त्यास काय लाभ? याच गरजेतून ताडोबाच्या वेशीवरील सीतारामपेठ या गावी निराळ्या प्रकारचे कॅमेरे बसविण्यात आले. रानाकडून येणाऱ्या वाटेवर ते डोळे लावून असतात. त्यांस जोडलेली संगणकीय प्रणाली चित्रातील प्राणी वाघ आहे, बिबट्या आहे की गाय आहे, हे ओळखते. आणि हिंस्र पशू असेल तर तत्काळ वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर वर्दी जाते व गावात भोंगा वाजतो. हा झाला पहारेकरी. त्यास मात्र अखंड वीज लागते, संदेश वाहून नेणारे जाळे लागते, आणि भोंगा ऐकून काय करावयाचे हे जाणणारी माणसे लागतात. यांपैकी एक जरी गैरहजर असले तरी उरलेली सर्व सामग्री निरुपयोगी होते.

शिवाय पहाऱ्याला सीमा असते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास रानात गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. गावाच्या वेशीवरील कॅमेरा, तो कितीही उत्तम असला, तरी वेशीपलीकडे पोटासाठी गेलेल्या माणसाचे रक्षण करू शकत नाही. तेव्हा कॅमेऱ्याने काय होणार याबरोबरच काय होणार नाही, हेही आरंभीच मान्य केलेले बरे.

आता घराकडे वळू पाहणाऱ्या गृहस्थाने प्रथम दुकानात न जाता कागद घ्यावा. घराचा आराखडा काढून दर्शनी दार, परसदार, जिना, गाडी ठेवण्याची जागा व कुंपणाची भिंत त्यावर दाखवावी. आणि प्रत्येक जागेपुढे लिहावे: येथे कोण आहे हे ओळखावयाचे आहे, की कोणी तरी आहे एवढेच कळावयाचे आहे? तंत्रज्ञांच्या मापाने अनोळखी चेहऱ्याची खात्रीने ओळख पटावयास दर मीटर रुंदीस सुमारे २५० चित्रबिंदू लागतात. कोणी आहे एवढेच कळावयास २५ पुरतात. सामान्य दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १,९२० बिंदू असतात. भागाकार केला तर हा कॅमेरा साडेसात मीटर रुंदीपर्यंतच चेहरा ओळखता येईल असे चित्र देतो. सबंध अंगण एका विशाल कोनात दाखविणारा कॅमेरा दुकानात फार मोहक वाटतो. परंतु त्यातील चोर म्हणजे एक हलणारा ठिपका असतो. म्हणून दारासाठी अरुंद दृष्टीचा व अंगणासाठी विस्तृत दृष्टीचा, अशी वाटणी करावी.

उंचीविषयीही रानातील धडा उपयोगी पडतो. कोणी काढून नेऊ नये म्हणून कॅमेरा छताजवळ बसविण्याकडे कारागिरांचा कल असतो. मग चित्रात टोपी दिसते, चेहरा दिसत नाही. वाघाची ओळख कुशीत, तशी माणसाची चेहऱ्यात. अंगणावरचा कॅमेरा उंच असण्यास हरकत नाही. दाराजवळचा मात्र डोळ्यांच्या पातळीच्या थोडाच वर असावा, आणि तो पहिल्या कॅमेऱ्याच्या दृष्टिपथात यावा, म्हणजे एकाला हात लावणारा दुसऱ्याच्या नजरेत सापडतो.

प्रकाशाचा विचार त्याहून नाजूक आहे. रात्री हे कॅमेरे डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकून पाहतात. हा प्रकाश जवळच्या पांढऱ्या भिंतीवर वा छपराच्या वळचणीवर पडला तर परत फिरून चित्र आंधळे करतो. त्याच्या उबेला व प्रकाशाला कीटक जमतात, कीटकांमागोमाग कोळी येऊन भिंगासमोरच जाळे विणतो. पश्चिमाभिमुख दारात सायंकाळी येणारा मनुष्य पाठीमागच्या उजेडामुळे काळी आकृती बनतो. यास उपाय म्हणजे उजेड-अंधाराचा तोल सावरणारा कॅमेरा, अथवा दारात लावलेला एक साधा दिवा.

चंद्रपूरकडे आणखी एक अडचण येते. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही. उष्णतेतील फरकावरून हालचाल ओळखणारे यंत्र माणसाचे अंग व त्यामागील भिंत यांच्या तपमानातील अंतरावर विसंबून असते. तापलेली भिंत निवता निवता अंगाइतकीच उष्ण राहते, त्या वेळी ते यंत्र मंद होते. म्हणून अशा प्रदेशात केवळ उष्णतेवर अवलंबून न राहता चित्रातील बदल पाहणारी योजना घ्यावी, कॅमेऱ्यावर सावली धरावी, आणि खाणी व औष्णिक केंद्र यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी कोळशाची धूळ भिंगावरून नियमाने पुसावी.

यानंतर साठवणीचा हिशेब. दर सेकंदास दोन मेगाबिट या वेगाने अखंड नोंद करणारा एक कॅमेरा दिवसास २१.६ गिगाबाइट जागा खातो. चार कॅमेरे ८६ गिगाबाइटांहून किंचित अधिक. एक टेराबाइटची तबकडी साडेअकरा दिवसांत भरते, आणि मग जुने पुसून त्यावर नवे लिहिले जाते. घरची मंडळी महिनाभर गावी गेली आणि चोरी पहिल्याच रात्री झाली, तर परत येईपर्यंत ती रात्र पुसून गेलेली असेल! जितके दिवस घर बंद राहण्याचा संभव, त्याहून अधिक दिवसांची साठवण हवी. नोंद ठेवणारी पेटी दिवाणखान्यात दूरचित्रवाणीशेजारी ठेवू नये. चोर तीच प्रथम उचलतो. चार कॅमेरे व ती पेटी मिळून एखाद्या जुन्या पद्धतीच्या दिव्याइतकीच वीज लागते; सबब त्यांस इन्व्हर्टरवर घेणे कठीण नाही. शक्य तेथे वाय-फायपेक्षा तार बरी.

एक धोका मात्र घराबाहेरून येतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक संगणकीय प्रणालीने जगभरच्या असंख्य घरगुती कॅमेऱ्यांचा ताबा घेतला. कारण मालकांनी कारखान्याने दिलेला परवलीचा शब्द कधी बदललाच नव्हता. तो शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. भारत सरकारने एप्रिल २०२५ पासून अशा कॅमेऱ्यांची सुरक्षाविषयक चाचणी आवश्यक केली आहे. खरेदी करताना तिचा दाखला पाहावा.

पाहण्याचा अधिकार अमर्याद नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. उत्तराखंडातील कॉर्बेट अभयारण्याच्या परिसरात झालेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. वन्य प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत सरपणास जाणाऱ्या स्त्रिया टिपल्या जाऊ लागल्या, आणि त्यामुळे त्या रानात मोकळेपणाने बोलेनाशा व गाईनाशा झाल्या. वस्तुतः त्यांचा आवाज हाच हिंस्र पशूंस दूर ठेवण्याचा त्यांचा उपाय होता. रक्षणार्थ ठेवलेल्या डोळ्याने दुसऱ्याचे रक्षण हिरावून घेतले जाऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. शेजाऱ्याची खिडकी, भाडेकरूचे दार, मोलकरणीची विसाव्याची जागा ही चित्राच्या चौकटीत येऊ देऊ नयेत. आणि कॅमेरा आहे हे घरात येणाऱ्यास कळेल अशी पाटी लावावी.

साक्षीदार न्यायालयात उभा करावयाचा तर त्यालाही शिस्त लागते. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रमुद्रणापर्यंत गेला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये असा निर्णय दिला की मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर त्यातील नोंदीच्या प्रतीबरोबर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही अट कायम असून प्रमाणपत्र दोन भागांचे झाले आहे. गृहस्थाने एवढे करावे: घड्याळ बरोबर ठेवावे, घटना घडताच नोंद पुसली जाणार नाही अशी व्यवस्था करावी, आणि मूळ पेटीस हात न लावता पोलिसांस बोलवावे.

सरतेशेवटी प्रश्न माणसाचा उरतो. मोबाइलवर रात्री दोन वाजता वर्दी आली, तर ती कोण वाचणार? घरमालक परगावी असेल तर शेजारच्या कोणत्या घरी दूरध्वनी जाणार, आणि त्या शेजाऱ्यास हे आधी सांगितले आहे काय? सीतारामपेठच्या भोंग्यामागे वनकर्मचारी व जागे होणारे गाव आहे. घरच्या भोंग्यामागे कोणी नसेल, तर पहारेकऱ्याचे पैसे देऊन साक्षीदारच विकत घेतला, असे समजावे. म्हणून व्यवस्था पुरी झाल्यावर एका अमावास्येच्या रात्री घरातील एका माणसाने परक्यासारखे कुंपणापासून दारापर्यंत चालत यावे. दुसऱ्याने चित्र पाहावे. तिसऱ्याने वर्दी किती वेळात पोहोचली ते मोजावे. चेहरा ओळखता आला आणि शेजारी जागा झाला, तर काम झाले. नाही तर कॅमेरा बदलण्याआधी त्याची जागा बदलून पाहावी, आणि हीच परीक्षा दर ऋतूच्या आरंभी पुन्हा घ्यावी.