पळता न येणाऱ्यांची हिकमत

दुष्काळ पडला की माणसे गाव सोडतात, जनावरे पाण्याच्या दिशेने जातात. झाडाला ती मुभा नाही. बी रुजले तिथेच ऊन, वादळ, कुऱ्हाड सारे सोसायचे. तरीही कित्येक झाडे माणसाच्या चार-पाच पिढ्यांना पुरून उरतात.

विदर्भातला साग उन्हाळ्यात उघडाबोडका होतो. त्याचे पान मोठे, त्यातून पाणी सतत वाफ होऊन जाते. जमिनीतली ओल आटू लागली की हा खर्च परवडत नाही. पण पान टाकण्याआधी झाड त्यातले नायट्रोजन, फॉस्फरस बऱ्याच अंशी परत आत ओढून घेते. मग देठाच्या तळाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि पान तिथून सुटते. काय सोडायचे आणि सोडताना काय राखायचे, हे ओल पुरती संपण्याआधीच ठरलेले असते. ओढगस्तीत संसार करणाऱ्याला हा हिशेब लगेच कळेल.

हावड्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या वडाची गोष्ट आणखी मोठी. 1864 आणि 1867 च्या चक्रीवादळांत त्याच्या फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली. कुजत गेलेले मुख्य खोड 1925 मध्ये काढून टाकावे लागले. वड मात्र आजही उभा आहे. जमिनीला टेकलेल्या पारंब्या मुळे धरून स्वतःच खोड होतात. अशा तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर त्याचा विस्तार पेललेला आहे. एकाच कर्त्या माणसावर चालणाऱ्या घरांनी आणि संस्थांनी वेळीच अशा पारंब्या रुजवायला हव्यात.

जखमेचे काय? अमेरिकी वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, असे त्यांना दिसले. झाड इजा झालेल्या भागाभोवती आडभिंती घालते, कूज तिथेच अडवू पाहते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. घाव आत तसाच राहतो, वाढ थांबत नाही. दुःख विसरता आले नाही तरी त्याला हद्द घालता येते, हे इथून घेण्यासारखे आहे.

या भिंती घालण्यात झाडाची बरीच शक्ती खर्च होते. रस्त्याकडेच्या झाडांवर क्लासच्या, भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या ठोकणाऱ्यांना याची कल्पना नसते. त्यांना ती द्या, आणि खोडात खिळे दिसले तर महापालिकेच्या उद्यान विभागाला जरूर कळवा.