१२० इंचांच्या पट्टीत दोन फ्रेम कशा बसतात? फोटो फ्रेमच्या दुकानातील मांडणीचे गणित

राळेगणसिद्धी (ता. पारनेर) : राळेगणसिद्धीच्या पाच सूत्रांमध्ये कुऱ्हाडबंदी आहे. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून गावी परतले, त्या काळात यादवबाबा मंदिराचे लाकूडही दारूच्या भट्ट्यांत जळत होते, अशी हकीकत सांगितली जाते. झाड तोडायला बंदी असली तरी आजोबांचा किंवा लग्नाचा फोटो भिंतीवर फ्रेममध्येच हवा असतो. मग फ्रेम बनवताना लाकूड वाचते कुठे? बरेचसे दुकानातील मांडणीवर.

उरलेला तुकडा कुठे जातो?

समजा फोटो १२ बाय १८ इंचांचा आणि पट्टी १ इंच रुंद आहे. फोटोची परिमिती ६० इंच. कोपरे ४५ अंशांत कापायचे असल्याने प्रत्येक कोपऱ्यासाठी पट्टीच्या रुंदीच्या दुप्पट लांबी जादा लागते; चार कोपऱ्यांचे ८ इंच. एकूण ६८. पट्टी १० फुटांची, म्हणजे १२० इंच. उरले ५२. त्यात ८ बाय १२ इंचांची आणखी एक फ्रेम (४० अधिक ८, म्हणजे ४८ इंच) करवतीचा भुसा धरूनही बसते.

पण तो ५२ इंचांचा तुकडा वेळेवर सापडला तर. कोपऱ्यातल्या ढिगात तो हरवला की कारागीर नवी पट्टी कापतो. म्हणून लांबीनुसार खण पाडलेले, त्या त्या खणावर इंच लिहिलेले साधे प्लायचे कपाट हे माझ्या मते दुकानातले सर्वात कमाऊ फर्निचर. महागडी करवत त्यानंतर.

पट्टी वाकते का?

आडव्या पट्टीला दोनच टोकांना आधार दिला की ती स्वतःच्या वजनाने मधे झुकते. आधारांमधले अंतर दुप्पट केले तर हा वाक सोळापट होतो (इंजिनीअरिंगला हे सूत्र घोकून घेतात, उपयोग इथे दिसतो). प्लास्टिकच्या पट्ट्या तर उन्हाळ्यात पत्र्याखाली आणखी लवकर वाकतात. वाकलेल्या पट्टीचा कोपरा कितीही नीट कापला तरी फट राहते आणि ती पुटीने बुजवली जाते. दोन-अडीच फुटांवर एक ब्रॅकेट एवढा उपाय पुरतो.

काच मात्र उभीच, किंचित रेललेली, खाली लाकडी पट्टी किंवा रबर. २ मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला ५ किलो. दहा काचा आडव्या रचल्या तर खालच्या काचेवर ४५ किलो येतात. मधे वाळूचा एक कण पुरे.

तुमचा फोटो कुठे ठेवतात?

खरी जोखीम इथे आहे. पट्टी आणि काच पुन्हा मिळते. घरातला आजीचा एकुलता एक फोटो मिळत नाही. तो सरस, पाणी आणि भुशापासून लांब, सपाट खणात, नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवला जातो का, हे फोटो देतानाच बघा. फोटो आणि काच यांच्यात जाड कागदाचा माउंट मागा. दमट हवेत फोटो थेट काचेला चिकटतो.

आधीच चिकटला असेल तर ओढू नका. काचेसकट आहे तसा स्कॅन करून घ्या, मगच फ्रेम उघडायला द्या.