रिकामं ताट परत पाठवू नये!



दुबईत नोकरी लागली की पहिला प्रश्न घरभाड्याचा. तोच हिशोब मांडून आम्ही इंटरनॅशनल सिटीत आलो. अल वरसान भागात नखील कंपनीने बांधलेली ही वसाहत. चीन, इंग्लंड, फ्रान्स, ग्रीस, इटली, मोरोक्को, पर्शिया, रशिया, स्पेन आणि एमिरेट्स असे हिचे दहा क्लस्टर. त्यामुळे राहायचं ग्रीसमध्ये आणि दूध आणायचं इटलीतून!

गंमत इथेच संपते. आमच्यापैकी एक जण सकाळी ऑफिसला गेला की दुसरी दिवसभर घरात लेकीबरोबर एकटी. बहुतेक घरं स्टुडिओ नाहीतर एका बेडरूमची, म्हणून लोक सारखे बदलतात. मेट्रोपर्यंत अजूनही बसने जावं लागतं (ब्लू लाइन २०२९ मध्ये सुरू करायची योजना आहे). पहिल्या वाढदिवसाला लेकीने विचारलं, "केक कोण खाणार?" आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं.

सुरुवातीला आम्ही फक्त मराठी माणसं शोधत होतो. ती भेटली, पण करामा, शारजा अशी लांब लांब. महिन्यातून एकदा भेट. रोजची ओळख मात्र जिन्यातच झाली. रमजानमध्ये समोरच्या लाहोरच्या खालांनी इफ्तारच्या वेळी भज्यांचं ताट पाठवलं. आईची शिकवण आठवली, भांडं रिकामं परत करू नये. आम्ही त्यात नारळाच्या वड्या घातल्या. दोन दिवसांनी ते ताट बिर्याणी घेऊन आलं! आज त्याच ताटाच्या जोरावर लेक संध्याकाळी त्यांच्याकडे अभ्यासाला बसते.

यातून आम्ही शिकलो ते थोडक्यात:

१. वेळ पाळा. २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी असते, पण दुकानात किंवा हॉटेलात काम करणाऱ्या शेजाऱ्याची तेव्हाच असेल असं नाही. आधी विचारा.

२. देताना त्यांचं खाणं विचारा. आपण शाकाहारी असलो तर तेही हसतमुखाने सांगा. कोणी रागावत नाही.

३. गणपतीत वर्गणीची वही घेऊन इमारतीत फिरू नका. इथे परवानगीशिवाय देणग्या गोळा करणं कायद्याने गुन्हा आहे. आपल्या घरी आरतीला बोलवा आणि खर्च आपणच करा. चार घरची माणसं आली तरी हॉल भरतो!

४. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी लागली की बायका-मुलं गावी जातात. मागे राहिलेल्याला जेवायला बोलवा. मैत्री तेव्हाच पक्की होते.

एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगत नाही. इथे बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की थोड्याच मुदतीत बॅगा भरायच्या. लेकीची पहिली मैत्रीण अशीच मनिलाला परत गेली. लेक आठवडाभर खाली खेळायलाच गेली नाही. आम्हालाही वाटलं, कशाला जीव लावायचा?

मग लक्षात आलं, उद्या आपणही असेच जाणार आहोत. म्हणून थांबायचं कशाला? नव्या घरात कोणी आलं की आता आम्हीच दार वाजवतो, हातात ताट घेऊन. आणि हो, पुढच्या वाढदिवसाला केक कमी पडला!

तुमच्या क्लस्टरमध्ये कोणी नवीन आलंय का? आजच जाऊन या.