आधी पुठ्ठा, मग रबर

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात मी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसलो होतो. प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं एकेक स्क्रीन काढलेली. कोडची एक ओळही अजून लिहिली नव्हती. बुकिंगवर बसणाऱ्या काकांना म्हटलं, "काका, हा कॉम्प्युटर आहे असं समजा. बोटानं दाबत जा आणि नेहमीसारखी बिल्टी, म्हणजे मालाची पावती, बनवा."

पहिल्याच रकान्यावर काकांचं बोट अडलं. "पाठवणाऱ्याचं नाव आधी कशाला? तो तर समोरच उभा असतो. आधी गाव विचार. गाव कळलं की गाडी कळते, मग नग, मग भाडं. भाडं इथं भरलं की तिकडे घ्यायचं, पेड की टू-पे, ते शेवटी." मी दोन कागद खाली-वर केले, एक रकाना खोडला. खर्च झालं ते खोडरबर.

याआधीच्या एका कामात आम्ही नेमकं उलट केलं होतं. चार महिने आराखडा, त्यावर सगळ्यांच्या सह्या, मग कोड. चालू केल्याच्या दिवशी समोरची मंडळी शांतपणे म्हणाली, "यात सगळं आहे, पण आमचं काम असं चालत नाही."

कागद आधी काढायची अक्कल मी ज्याच्यापासून घेतली, ते उदाहरण आमच्या नाशिकचंच. 2003च्या कुंभमेळ्यातली चेंगराचेंगरी इथं कुणी विसरलेलं नाही. तसं पुन्हा होऊ नये म्हणून 2015च्या कुंभाच्या तयारीत, 'कुंभथॉन' या कुंभाच्या अडचणींवर उपाय शोधणाऱ्या उपक्रमातून, 'आशिओतो' नावाची माणसं मोजणारी चटई तयार झाली. जपानीत आशिओतो म्हणजे पावलांचा आवाज. ती करणाऱ्यांतला नीलय कुलकर्णी तेव्हा 15 वर्षांचा होता. टेडच्या व्यासपीठावर त्यानं सांगितलेली हकिगत मी कितीदा तरी ऐकली आहे. पहिला नमुना झाला तो पुठ्ठा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा. मग पुढचे नमुने घेऊन देवळं, मॉल, हॉटेलं अशा 30 चाचण्या. रंगीत पट्टी दिसली की लोक विचारत, शॉक तर नाही ना बसणार? काही जण सरळ उडी मारून पलीकडे जात. हे टेबलावर बसून कुणाला सुचलं असतं? शेवटी वर काळं रबर आलं. त्यावर धूळ बसली की चटई जमिनीतच मिसळून जाई. रुंदी 18 इंच ठरली तीही लोकांची ढांग पाहून. कुंभात अशा 5 चटयांनी 18 तासांत 5 लाखांहून जास्त माणसं मोजली.

पण त्याच चटईत एक गोष्ट करून बघण्यातली नव्हती. जाडी 12 मिलिमीटरच्या वर गेली तर माणूस अडखळणार, आणि गर्दीत एक अडखळला की जे टाळायचं तेच होणार. चेंगराचेंगरीची चाचणी घेता येत नाही. ती मर्यादा आधीच पाळायची. त्यांनी 10 मिलिमीटरमध्ये बसवलं.

माझ्या कामातले 12 मिलिमीटर म्हणजे बिल्टीचा नंबर. स्क्रीन दहादा बदलेन, नंबर नाही. तो ड्रायव्हरबरोबर दुसऱ्या गावी जातो, तिथं त्यावरच माल सुटतो, हिशेबही त्यावरच लागतो. दोन काउंटरवर एकाच क्षणी बिल्टी निघाली तर? नेट गेलं तर? रद्द झालेला नंबर पुन्हा वापरायचा का? याची उत्तरं मी दोन दिवस दार लावून लिहून काढली.

चहाला चौकात आलो. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता इथं मिळतात. वर उड्डाणपूल, खाली पादचाऱ्यांसाठी भुयार. आणि माणसं? हात दाखवत, रिक्षा-ट्रकांमधून वाट काढत. कागदावर ते भुयार बिनचूकच असणार.

परतलो तर मालक कागद चाळत होते. खूश दिसले. "म्हणजे झालंच की जवळपास! सोमवारपासून चालू करायचं?"

"शेठ, हे कागद आहेत."

"हो, पण चालतंय ना?"

काकांनी मान वर न करता बिल्टीबुकात कार्बन सरकवला.