हार मानणं शिकावं लागत नाही

मानसशास्त्रातला एक सिद्धांत जवळपास 50 वर्षं पाठ्यपुस्तकांत सुखाने नांदला. मग 2016 मध्ये तो मांडणाऱ्या दोघांनीच लेख लिहून जाहीर केलं, की आम्ही गोष्ट उलटी समजलो होतो. प्रयोग बरोबर होते, निरीक्षणं बरोबर होती, अर्थ मात्र नेमका उफराटा लावला गेला होता. अपयशानंतर काही जण पुन्हा उभे राहतात आणि काही जण आडवे होतात ते का, हे कुतूहल ज्यांना आहे त्यांच्यासाठी विज्ञानात याहून सुरस गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

ते दोघे म्हणजे मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते विद्यार्थी होते आणि त्यांचे प्रयोग कुत्र्यांवर चालत. (आज ते वाचताना पोटात कालवतं. तशा प्रयोगाला आता सहजासहजी परवानगीही मिळायची नाही.) कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या. दोघांनाही पट्ट्यांनी जखडून विजेचे झटके दिले जात. पहिल्याच्या डोक्याशेजारी एक फळी होती. ती डोक्याने दाबली की त्याचा झटका थांबे आणि त्याच क्षणी जोडीदाराचाही थांबे. म्हणजे यातना दोघांच्या वाट्याला सारख्याच, अगदी मोजून. फरक एवढाच, की दुसऱ्याची फळी नुसती नावाला होती. त्याने काही केलं तरी तेच आणि नाही केलं तरी तेच.

दुसऱ्या दिवशी त्यांना मधोमध बुटका अडसर असलेल्या पेटीत सोडलं. उडी मारून पलीकडे गेलं की सुटका. पहिल्या गटातले कुत्रे हे झटपट शिकले. दुसऱ्या गटातले बहुतेक थोडा वेळ धावपळ करून खाली बसले आणि कण्हत झटके सोसत राहिले. त्यांना हाका मारल्या, पलीकडे खाणं टाकलं, अडसरसुद्धा काढून टाकला, तरी ते जागचे हलेनात. शेवटी गळ्यात दोरी बांधून त्यांना पलीकडे ओढून न्यावं लागलं, आणि तेही एकदा-दोनदा नव्हे, कितीतरी वेळा. मग हळूहळू दोरी कमी ओढावी लागू लागली आणि एके क्षणी ते आपणहून उडी मारायला लागले. हाकांनी आणि आमिषांनी जे जमलं नव्हतं ते स्वतःचे पाय पलीकडे टेकल्यावर जमलं.

यातून जो सिद्धांत निघाला त्याचं नाव ‘शिकलेली असहायता’. प्राणी वाईट अनुभवातून शिकतो, की आपल्या करण्याने काहीही बदलत नाही, आणि मग तो प्रयत्न सोडतो. ऐकायला अगदी पटणारं. पुढे माणसांवर, कर्कश आवाजाचा त्रास देऊन, असेच प्रयोग झाले आणि साधारण असंच दिसलं. नैराश्याच्या अभ्यासात या कल्पनेने मोठी जागा पटकावली.

मायर यांना मात्र चैन पडलं नाही. असहायता शिकली जाते तर मेंदूत नेमकी कुठे, हे बघायला ते मेंदूविज्ञानाकडे वळले आणि कोलोरॅडो विद्यापीठात उंदरांवर काम करू लागले. मांडणी जुनीच: दोन उंदीर, दोघांच्या शेपटीला सारखेच झटके, दोघांच्या पुढ्यात एक छोटं चाक. एकाने पुढच्या पायांनी चाक फिरवलं की दोघांचेही झटके बंद. दुसऱ्याने कितीही फिरवलं तरी ढिम्म.

मेंदूच्या अगदी खालच्या, जुन्या भागात, मेंदूच्या देठात, ‘डॉर्सल राफे’ नावाचा पेशींचा छोटा पुंजका आहे. त्रास लांबला की तो सेरोटोनिन सोडायला लागतो. हो, तेच सेरोटोनिन, ज्याला वर्तमानपत्रांच्या पुरवण्या ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात. इथे त्याचं काम वेगळंच निघालं: भीती वाढवायची आणि पळून जाण्याची हालचाल दाबायची. आणि हे घडायला काही शिकावं लागत नाही. त्रास पुरेसा लांबला की हातपाय गाळणं आपोआप होतं. ती मूळची, जन्मजात प्रतिक्रिया आहे.

मग शिकला कोण? चाकाने झटका थांबवू शकणारा उंदीर! कपाळामागच्या भागाने, म्हणजे मेंदूच्या नव्या, पुढच्या भागाने, त्याच्यात एक नोंद घेतली: आपण केलं, म्हणून थांबलं. आणि त्या नोंदीसरशी खालच्या पुंजक्याला गप्प केलं. इतकी वर्षं सगळे दुसऱ्या गटात काय बिघडलं ते शोधत होते. खरी घडामोड पहिल्या गटात झाली होती.

इथून पुढचं वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. 2005 साली मायर आणि सहकाऱ्यांनी औषध टोचून उंदरांचा तो पुढचा भाग तेवढ्यापुरता बंद केला. उंदीर चाक फिरवत राहिला, झटके थांबवत राहिला, त्यात तसूभर कमी नाही. तरीही नंतर तो असा वागला, जणू त्याच्या हातात कधी काही नव्हतंच. सुटका झाली होती, पण ती आपण केली हे मेंदूला कळलंच नव्हतं. पुढे उलटाही प्रयोग झाला. ज्या उंदराचं चाक निकामी होतं त्याचा हा भाग औषधाने जागा केला, आणि तो नंतर धडधाकट वागला. ताबा नसतानाही ताबा असल्याचा परिणाम!

आणखी एक गोष्ट तर थक्क करणारी. ज्या उंदराला आधी एकदा चाक चालवून सुटका मिळालेली असते, त्याला नंतर खरोखरच हतबल करणारा त्रास दिला तरी तो खचत नाही. त्याचा पुढचा भाग सवयीने कामाला लागतो आणि खालच्या पुंजक्याला दाबून धरतो. कोवळ्या वयात मिळालेला असा अनुभव मोठेपणीही उपयोगी पडल्याचं दिसलं आहे. सेलिगमन यांनी मेंदूतल्या या जोडणीला थेट ‘आशेचं सर्किट’ असं नाव देऊन टाकलं.

उंदरांचं सगळंच माणसाला लागू होतं असं कुणी समजू नये. माणूस घटना सोसतो आणि शिवाय तिचा अर्थही लावत बसतो. सेलिगमन यांच्या लक्षात आलं होतं, की हतबल करणाऱ्या प्रयोगांतही साधारण एक तृतीयांश जण हातपाय गाळतच नाहीत. अशा माणसांचं वेगळेपण त्यांना अपयशाचं कारण सांगण्याच्या पद्धतीत सापडलं. ‘माझं गणितच कच्चं आहे’ आणि ‘या वेळी त्रिकोणमितीचा सराव कमी पडला’ ही दोन वाक्यं एकाच निकालपत्राबद्दलची आहेत. पहिलं कायमचं आहे आणि सगळं गणित व्यापून टाकतं. दुसऱ्याला मुदत आहे आणि हद्दही.

याची परीक्षा जलतरण तलावात झाली. 1988च्या सोल ऑलिंपिकच्या आधी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या जलतरणपटूंची ही पद्धत प्रश्नावलीने तपासली गेली. मग त्यांना जीव तोडून पोहायला लावलं आणि प्रशिक्षकांनी मुद्दाम खरी वेळ न सांगता जास्त सांगितली. थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा पोहायचं होतं. निराशावादी ठरलेले, म्हणजे पहिल्या वाक्यासारखं कारण सांगणारे, दुसऱ्या वेळी मंदावले. आशावादी मंदावले नाहीत. त्यांत मॅट बिओंडी होता.

सोलमध्ये बिओंडीकडून सात सुवर्णपदकांची अपेक्षा होती. पहिल्याच, 200 मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याला कांस्य मिळालं. मग 100 मीटर बटरफ्लाय. शेवटच्या क्षणी भिंत हातभर अंतरावर असताना त्याने आणखी एक हात न मारता शरीर तसंच पुढे सरकू दिलं. शेजारून सुरिनामचा अँथनी नेस्टी आला आणि भिंतीला आधी टेकला. 53.00 सेकंद विरुद्ध 53.01! ज्या देशात तेव्हा ऑलिंपिक आकाराचा तलाव एकच होता, त्या देशाच्या पोराने सोनं नेलं. बिओंडी आता कोसळणार अशी कुजबुज सुरू झाली. त्याने उरलेल्या पाचही शर्यतींत सुवर्णपदक मिळवलं.

सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर सूर्योदयाच्या चित्रासह येणारा ‘पॉझिटिव्ह राहा’ हा संदेश तरीही मला पोकळ वाटतो. त्या कुत्र्यांना मारलेल्या हाकांहून तो वेगळा नाही. शिवाय दोन वर्षं पावसाने दगा दिलेल्या शेतकऱ्याला किंवा भरतीची परीक्षा पुन्हा पुन्हा पुढे ढकललेल्या उमेदवाराला ‘दृष्टिकोन बदल’ म्हणणं हा तर शुद्ध अन्याय आहे. त्यांचं चाक खरोखरच निकामी करून ठेवलेलं असतं, आणि ते दुरुस्त करणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम असतं.

पण घरातलं कुणी नापास होऊन किंवा नोकरी जाऊन पांघरूण ओढून पडलं असेल, तर त्याला आळशी, कमकुवत मनाचं म्हणू नका. त्याच्या मेंदूचा सर्वांत जुना भाग त्याचं नेमून दिलेलं काम करतो आहे. भाषण देऊ नका. त्याला एखादं छोटं काम सांगा, ज्याचा परिणाम तासाभरात डोळ्यांनी दिसेल: गळका नळ, एक गणित, चार माणसांची भाजी. पहिल्या दिवशी बरोबर बसावं लागेल, कदाचित पुढचे कितीतरी दिवस. काम पुरं झालं की ते त्यानेच केलं, हे त्याला मोकळेपणाने सांगा.