योगदंडाचं लग्न

रुक्मिणीचा विषय एका आठवड्यानं पुढे ढकलतो आहे. पंढरपुरात तिचं देऊळ विठ्ठलाच्या गाभाऱ्यापासून वेगळं का, हे सांगायचं मी कबूल केलं होतं. पण मागचा लेखांक वाचून बार्शीच्या एका वाचक ताईंनी लिहिलं, ‘रुमानियातल्या ऑर्थोडॉक्स पाद्र्याला दीक्षेआधी लग्न करता येतं, बिशप मात्र संन्याशांतूनच निवडतात, हे कळलं. मग आपल्या सिद्धेश्वरांचं काय? ब्रह्मचारी योग्याचं लग्न आपण दरवर्षी लावतो, ते कशात बसवायचं?’ असा प्रश्न आल्यावर सोलापूरच्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

आख्यायिका इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. सिद्धेश्वरांच्या, म्हणजे सिद्धरामांच्या, मठापुढे रोज सडा-रांगोळी करणाऱ्या कुंभाराच्या मुलीनं त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला. योग्याचं लग्न होणार कसं? शेवटी त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला परवानगी दिली. त्याच लग्नासाठी संक्रांतीच्या सुमारास गड्डा यात्रा भरते, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सात नंदीध्वज पेलत देवळाकडे निघतात आणि तळ्याकाठच्या संमती कट्ट्याजवळ संमती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, वाचली की हजारो हात अक्षता उधळतात. सुगडी पूजनाचा मान कुंभारांचा, म्हणजे नवरीच्या माहेरचा.

काळही बघा. धनुर्मासात आणि पौषात आपण लग्नाची तिथी धरत नाही. रुमानियातही नाताळाआधीच्या उपवासापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत. शरीरसुखाला काही दिवस आवर घालायचा, हा विचार दोन्हीकडे आहे. पण आपल्या गावातलं सगळ्यांत मोठं लग्न नेमकं याच दिवसांत लागतं, कारण त्यात देहाचा संबंधच नाही.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला इथंच दिसतं. ऑर्थोडॉक्स चर्चनं गृहस्थ आणि संन्यासी यांच्या वाटा वेगळ्या केल्या आणि दोघांना वेगळी पदं दिली. सोलापुरानं दोन्ही एकाच मांडवात आणलं. योग्याचं व्रत मोडलं नाही आणि मुलीचा शब्दही खाली पडला नाही. या कथेत स्थळ बापानं पाहिलेलं नाही, पत्रिका जुळवलेली नाही. मागणी मुलीनं घातली आहे, तीही कुंभाराघरच्या मुलीनं, आणि तिच्या मागणीला कुणी निर्लज्जपणा म्हटलेलं नाही. लग्नाच्या बाबतीत मुलीच्या इच्छेला एवढा जाहीर मान देणारा दुसरा धार्मिक सोहळा माझ्या पाहण्यात नाही.

पण यात्रा अक्षतांवर संपत नाही. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला शालू नेसवतात, मणी-मंगळसूत्र घालतात, जोडवी, बांगड्या, हार चढवतात. कडब्याची ती नवरी पाहता पाहता खरीखुरी दिसू लागते. मग होम पेटतो आणि ती जळते. कुंभारकन्या सती गेली, असं सांगतात. मला हा भाग दरवर्षी छळतो. योग्याचं व्रत राखायचं तर तिच्यासाठी संसार उरत नाही, आणि लग्न झालेल्या बाईला संसाराबाहेर जागा द्यायला कथा सांगणाऱ्यांचं मन धजावलं नाही, म्हणून आग.

सिद्धराम बाराव्या शतकातल्या ज्या शरणांमध्ये, म्हणजे बसवण्णांभोवतीच्या शिवभक्तांमध्ये, वावरले, त्यांची शिकवण अशी नव्हती. बसवण्णा स्वतः संसारी होते. आयदक्की मारय्या हा शरण एकदा गरजेपेक्षा जास्त तांदूळ वेचून घरी आला, तेव्हा बायको लक्कम्मानं त्याला खडसावून ते परत करायला लावले. शरणांना नवरा-बायकोनं बरोबरीनं केलेली भक्ती अशी अभिप्रेत होती. त्याच काळात शरणांच्या कल्याणमध्ये, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणमध्ये, ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि चर्मकार हरळय्याचा मुलगा यांचं लग्न लागलं. परंपरा सांगते की बिज्जळ राजानं दोघांच्या बापांना देहदंड दिला. तिथून कल्याणचा अंत सुरू झाला.

कुंभाराची मुलगी योगदंडाला वरते, तेव्हा सगळं गाव वऱ्हाडी होतं. हरळय्याच्या मुलानं खरा संसार मांडायचं ठरवलं, तेव्हा रक्त सांडलं. आजही अक्षता टाकून घरी परतलेली मंडळी मुलीसाठी स्थळ बघताना पोटजातीच्या बाहेर नजर टाकत नाहीत. सोहळ्यानं आपल्याला इतकी मोठी मुभा दाखवून दिली, ती आपण दंडापुरतीच ठेवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

होमाचा अर्थ वेगळा सांगणाऱ्या आज्या आपल्याकडे नक्की असतील, विशेषतः कुंभारवाड्यात आणि लिंगायत घरांत. ती सती गेली नाही, ज्योतीत मिळाली, असं सांगणारं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठवा. पुढच्या आठवड्यात मात्र रुक्मिणी, नक्की.